ब्रिटिश इंडी संगीतातील पदार्पणाचे अल्बम आणि कव्हर आवृत्त्या

ब्रिटिश इंडी संगीत ही इ.स. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनायटेड किंग्डममधील स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांच्या आश्रयाने वाढलेली, मुख्यतः गिटारवर आधारलेली लोकप्रिय संगीताची परंपरा आहे. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट' म्हणजे 'स्वतंत्र' या इंग्रजी शब्दाचे लघुरूप होय. प्रारंभी ते ध्वनिमुद्रिका काढण्याच्या व विकण्याच्या एका पद्धतीचे नाव होते. पुढे ते एका गायन-वादनशैलीचे नाव झाले. या परंपरेतील बँडची तुलना करताना चाहते आणि समीक्षक दोन गोष्टींकडे विशेष लक्ष देतात. एक म्हणजे बँडचा पहिला अल्बम आणि दुसरी म्हणजे त्याने केलेल्या कव्हर आवृत्त्या. मोठ्या पैशाच्या व्यवहारात शिरण्यापूर्वी बँड काय होता, हे पहिल्या अल्बमवरून कळते. तो स्वतःला कोणाचा वारस मानतो, हे त्याने निवडलेल्या इतरांच्या गाण्यांवरून कळते. ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे, गाणे कोणाचे आणि त्याचे उत्पन्न कोणाला मिळते, हे प्रश्न या दोन्हींशी निगडित आहेत.

संज्ञा

एखाद्या गायकाने किंवा बँडने प्रकाशित केलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या अल्बमला पदार्पणाचा अल्बम म्हणतात. त्याआधी निघालेल्या सिंगल अथवा चार-पाच गाण्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिका यात धरल्या जात नाहीत. दुसऱ्या कलावंताने आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे नव्याने गाऊन-वाजवून ध्वनिमुद्रित केले की त्या रूपास कव्हर आवृत्ती म्हणतात. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा जसाच्या तसा कापून नव्या गाण्यात वापरल्यास त्यास सँपल म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रणाचे भाग वेगळे करून त्यांची नवी जुळणी केल्यास त्यास रिमिक्स म्हणतात. चाहत्यांच्या चर्चेत या संज्ञा अनेकदा एकमेकींत मिसळतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या भिन्न आहेत.

पार्श्वभूमी

पंक रॉकच्या उदयापूर्वी ब्रिटनमधील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय प्रामुख्याने मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. स्टुडिओ, छपाईचे कारखाने आणि दुकानांपर्यंतचे वितरण यांसाठी लागणारे भांडवल नवोदितांकडे नसे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढली. तिच्यासाठी मित्र व कुटुंबीयांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेण्यात आले होते. पहिल्या १,००० प्रती लवकरच संपल्या आणि पुढे एकूण खप सुमारे १६,००० प्रतींवर गेला. मोठ्या कंपनीच्या मदतीशिवाय ध्वनिमुद्रिका काढता येते, हे या उदाहरणाने अनेक तरुणांना दाखवून दिले. स्क्रिटी पोलिटी या बँडने इ.स. १९७८ मध्ये आपल्या पहिल्या सिंगलच्या वेष्टनावर निर्मितीखर्चाचा तपशीलच छापला, जेणेकरून इतरांनाही तसे करता यावे.

लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी इ.स. १९७६ मध्ये सुरू केलेल्या रफ ट्रेड या दुकानातून इ.स. १९७८ मध्ये त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये टोनी विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅक्टरी रेकॉर्ड्सची स्थापना केली. या कंपन्यांमध्ये खर्च वजा जाता उरलेला नफा कंपनी आणि बँड यांनी निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत रूढ होती. वितरणासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतील दुकानांनी एकत्र येऊन 'द कार्टेल' नावाची साखळी उभारली. रफ ट्रेडचा पहिला अल्बम म्हणजे बेलफास्टच्या स्टिफ लिटल फिंगर्स या बँडचा 'इन्फ्लेमेबल मटेरियल' (१९७९) हा पदार्पणाचा अल्बम. तो ब्रिटिश अल्बम क्रमवारीत १४ व्या स्थानापर्यंत पोहोचला.

इंडी क्रमवारी आणि शब्दाचा अर्थबदल

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिचा निकष संगीताच्या शैलीशी संबंधित नव्हता. ध्वनिमुद्रिकेचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून झालेले असावे, एवढीच अट होती. त्यामुळे इ.स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पी.डब्ल्यू.एल. या लेबलवरील कायली मिनोग यांची नृत्यगीतेही या क्रमवारीत अग्रस्थानी आली. उलट, मोठ्या कंपनीच्या भांडवलावर चालणाऱ्या लेबलांवरील गिटारवादी बँड तिच्यातून वगळले जात. इ.स. २००९ मध्ये हा निकष बदलण्यात आला. लेबलची किमान निम्मी मालकी मोठ्या कंपन्यांबाहेरची असावी, असा नवा नियम झाला.

याच काळात 'इंडी' हा शब्द शैलीवाचक होत गेला. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने इ.स. १९८६ मध्ये वाचकांसाठी काढलेल्या 'सी८६' या कॅसेटमध्ये २२ बँडची गाणी होती. खणखणीत गिटार, साधे ध्वनिमुद्रण आणि काहीसे संकोची गायन हे या कॅसेटमधील अनेक गाण्यांचे विशेष पुढे 'इंडी'ची ओळख मानले गेले. इ.स. १९९० च्या दशकात तर मालकीच्या दृष्टीने अर्धवटच स्वतंत्र असलेले बँडही 'इंडी' म्हणवले जाऊ लागले. ओएसिस हा बँड ज्या क्रिएशन रेकॉर्ड्सवर होता, तिचा ४९ टक्के हिस्सा सोनी कंपनीने इ.स. १९९२ मध्येच विकत घेतला होता.

पदार्पणाच्या अल्बमचे महत्त्व

इंडी परंपरेत पहिल्या अल्बमला विशेष वजन मिळण्यामागे काही व्यावहारिक कारणे आहेत. पहिल्या अल्बममधील गाणी बँडने कित्येक वर्षे छोट्या सभागृहांत वाजवून पारखलेली असतात. प्रेक्षकांना न आवडलेली गाणी वाटेतच गळून पडतात. दुसऱ्या अल्बमसाठी मात्र दौरे आणि मुलाखतींमधून उरलेला अल्प काळच मिळतो. 'दुसऱ्या अल्बमची अडचण' हा इंग्रजी समीक्षेतील रूढ विषय यातूनच निघाला. दुसरे कारण साप्ताहिकांचे होय. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस', 'मेलडी मेकर' आणि 'साउंड्स' यांच्यात नवा बँड प्रथम शोधून काढण्याची स्पर्धा असे. 'मेलडी मेकर'ने एप्रिल १९९२ मध्ये स्वेड या बँडचा एकही सिंगल निघण्यापूर्वी त्याला ब्रिटनमधील सर्वोत्तम नवा बँड म्हणून मुखपृष्ठावर झळकवले. अशा प्रसिद्धीनंतर येणारा पहिला अल्बम ही बँडची जाहीर परीक्षाच ठरत असे.

उल्लेखनीय पदार्पणे

जॉय डिव्हिजन या बँडचा 'अननोन प्लेझर्स' (जून १९७९) फॅक्टरी रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. निर्माते मार्टिन हॅनेट यांनी ड्रमचे आवाज सुटे करून, त्यांत प्रतिध्वनी आणि पोकळी भरून बँडच्या आक्रमक वादनाला थंड, दूरस्थ रूप दिले. रंगमंचावरचा बँड आणि अल्बममधला बँड यांतील हा फरक आजही चर्चेचा विषय आहे.

द स्मिथ्स या मँचेस्टरच्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९८४ मध्ये रफ ट्रेडने काढला आणि तो ब्रिटिश क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचला. त्याचे ध्वनिमुद्रण आधी ट्रॉय टेट या निर्मात्यासोबत झाले होते. ते बाजूला ठेवून जॉन पोर्टर यांच्यासोबत गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संग्रहात बी.बी.सी. रेडिओसाठी केलेली ध्वनिमुद्रणे होती. त्यांपैकी काही गाणी पहिल्या अल्बममधलीच होती. स्टुडिओत घडवलेले रूप श्रेष्ठ की रेडिओवरचे घाईत केलेले, हा वाद तेव्हापासून चालू आहे. अनेक चाहते संग्रहातील रूपांना पसंती देतात.

द स्टोन रोझेस या मँचेस्टरच्याच बँडचा त्याच नावाचा अल्बम मे १९८९ मध्ये निघाला. जॉन लेकी हे त्याचे निर्माते होते. प्रारंभी त्याचा खप बेताचाच होता. पुढील वर्षभरात तो वाढत गेला. सिल्व्हरटोन या लेबलशी झालेला बँडचा करार अन्यायकारक असल्याचे न्यायालयाने इ.स. १९९१ मध्ये ठरवले आणि बँड त्यातून मुक्त झाला. या खटल्यामुळे काम रखडले व दुसरा अल्बम डिसेंबर १९९४ मध्ये निघाला. मधल्या साडेपाच वर्षांत पहिल्या अल्बमची कीर्ती इतकी वाढली की दुसऱ्याचे मूल्यमापन सतत त्याच्याशी तुलना करूनच झाले.

स्वेडचा पहिला अल्बम (मार्च १९९३) ब्रिटिश क्रमवारीत अव्वल ठरला व त्याला त्या वर्षीचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. ओएसिसचा 'डेफिनेटली मेबी' (ऑगस्ट १९९४) हा त्या काळापर्यंत ब्रिटनमध्ये सर्वाधिक वेगाने विकला गेलेला पदार्पणाचा अल्बम होता. त्याचेही पहिले ध्वनिमुद्रण समाधानकारक न वाटल्याने टाकून देण्यात आले. पुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणाला ओवेन मॉरिस यांनी अंतिम मिश्रणात आजचे दणदणीत रूप दिले.

शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडने कार्यक्रमांत आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटल्या होत्या. चाहत्यांनी ती गाणी इंटरनेटवरून एकमेकांना पाठवली, त्यामुळे पहिल्या अल्बमपूर्वीच श्रोत्यांना ती पाठ झाली होती. डोमिनो या स्वतंत्र लेबलने जानेवारी २००६ मध्ये काढलेल्या 'व्हॉटएव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आयम नॉट' या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती विकल्या गेल्या. अल्बमचे शीर्षक अ‍ॅलन सिलिटो यांच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीवरून घेतलेले आहे. या अल्बमलाही मर्क्युरी पारितोषिक मिळाले. फुकट वाटलेली गाणी विक्रीला मारक ठरतात, हा त्या काळातील रेकॉर्ड कंपन्यांचा समज या उदाहरणाने डळमळीत झाला.

अपवाद

पहिला अल्बम हाच बँडचा उत्तम परिचय असतो, हा नियम सार्वत्रिक नाही. पल्प या शेफील्डच्या बँडचा पहिला अल्बम 'इट' इ.स. १९८३ मध्ये निघाला, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बँडला व्यापक यश मिळाले ते 'हिज अँड हर्स' (१९९४) या चौथ्या अल्बमपासून. ब्लर या बँडचा 'लेझर' (१९९१) त्याच्या नंतरच्या अल्बमच्या तुलनेत दुबळा मानला जातो. याउलट लिव्हरपूलच्या द लाझ या बँडचा इ.स. १९९० मधील पहिला अल्बम हा त्याचा एकमेव अल्बम ठरला. अनेक निर्माते बदलूनही मनासारखा आवाज न मिळाल्याने प्रमुख गायक ली मेव्हर्स यांनी प्रकाशित अल्बमबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. श्रोत्यांनी मात्र त्यातील 'देअर शी गोज' हे गाणे आपलेसे केले.

कव्हर आवृत्त्यांचे प्रकार

इंडी बँडने केलेल्या कव्हर आवृत्त्यांमागील हेतू वेगवेगळे असतात. स्थूलमानाने त्यांचे पुढील प्रकार दिसतात.

वारसा सांगणाऱ्या आवृत्त्या : बँड आपले पूर्वसूरी कोण, हे अशा आवृत्त्यांतून जाहीर करतो. जॉय डिव्हिजनने केलेले व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडचे 'सिस्टर रे' हे गाणे 'स्टिल' (१९८१) या अल्बमवर आहे. द जीझस अँड मेरी चेन या स्कॉटिश बँडने आपल्या पहिल्या सिंगलच्या (१९८४) दुसऱ्या बाजूस सिड बॅरेट यांचे 'व्हेजिटेबल मॅन' घेतले. द स्मिथ्सचे गायक मॉरिसी यांना इ.स. १९६० च्या दशकातील ब्रिटिश गायिकांचे आकर्षण होते. त्यातून ट्विंकल यांचे 'गोल्डन लाइट्स' आणि सिला ब्लॅक यांचे 'वर्क इज अ फोर-लेटर वर्ड' ही गाणी बँडने ध्वनिमुद्रित केली. दुसरे गाणे गिटारवादक जॉनी मार यांना मुळीच पसंत नव्हते, असे त्यांनी पुढे सांगितले. ते इ.स. १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बँड फुटला. कोणाचा वारसा सांगायचा, यावर बँडमध्येच एकमत नसते, याचे हे उदाहरण होय.

पुनर्रचना करणाऱ्या आवृत्त्या : यांत मूळ गाण्याचा सांगाडा ठेवून त्याचे स्वरूप पालटले जाते. फोर एडी या लेबलचे संस्थापक आयव्हो वॉट्स-रसेल यांनी दिस मॉर्टल कॉइल या नावाखाली इ.स. १९८३ मध्ये टिम बकली यांचे 'साँग टू द सायरन' हे गाणे नव्याने सादर केले. एलिझाबेथ फ्रेझर यांचा आवाज आणि रॉबिन गथ्री यांची गिटार एवढ्यावरच उभी असलेली ही आवृत्ती इंडी क्रमवारीत सुमारे दोन वर्षे टिकून होती. सेंट एटिएन या लंडनच्या बँडने तर कव्हर आवृत्तीनेच पदार्पण केले. नील यंग यांचे 'ओन्ली लव्ह कॅन ब्रेक युवर हार्ट' हे गाणे त्यांनी इ.स. १९९० मध्ये नृत्यसंगीताच्या ठेक्यावर बसवले आणि 'फॉक्सबेस अल्फा' (१९९१) या पहिल्या अल्बममध्ये त्याला स्थान दिले.

पदार्पणाच्या अल्बमवरील कव्हर आवृत्ती हा वेगळा धाडसी प्रकार होय, कारण तिथे बँडची स्वतःची गाणी आणि उसने गाणे शेजारी-शेजारी ऐकू येतात. द रेनकोट्स या स्त्रियांच्या बँडने रफ ट्रेडवरील आपल्या पहिल्या अल्बममध्ये (१९७९) द किंक्स यांचे 'लोला' हे गाणे घेतले. मूळ गाण्यातील पुरुष निवेदक स्त्रियांच्या आवाजात आल्याने गाण्यातील लिंगभावाचा खेळ आणखी गुंतागुंतीचा झाला. संडरलंडच्या द फ्यूचरहेड्स या बँडने आपल्या पहिल्या अल्बममध्ये (२००४) केट बुश यांचे 'हाउंड्स ऑफ लव्ह' हे गाणे तालवाद्यांच्या मूळ गडगडाटाऐवजी चार जणांच्या परस्परांना छेद देणाऱ्या आवाजांवर उभे केले. ते इ.स. २००५ मध्ये सिंगल म्हणून निघाले व ब्रिटिश क्रमवारीत आठव्या स्थानी पोहोचले. बँडच्या स्वतःच्या कोणत्याही गाण्यापेक्षा हे गाणे अधिक ओळखले जाते. कव्हर आवृत्तीचे यश बँडची ओळख झाकू शकते, हा धोका यात दिसतो.

गंमत आणि आदर यांच्या सीमेवरील आवृत्त्या : ग्लासगोच्या ट्रॅव्हिस या बँडने ब्रिटनी स्पीयर्स यांचे '...बेबी वन मोअर टाइम' हे गाणे इ.स. १९९९ मध्ये साध्या गिटारवर गायले. थट्टा म्हणून ऐकायला गेलेल्या श्रोत्यांना त्यातील चालीचे बळ जाणवले. बी.बी.सी. रेडिओ १ वरील 'लाइव्ह लाउंज' या कार्यक्रमाने हा प्रकार नियमित केला. पाहुण्या कलावंताने एक गाणे स्वतःचे आणि एक दुसऱ्याचे गावे, अशी तेथील प्रथा आहे. आर्क्टिक मंकीजने तेथे गर्ल्स अलाउड या गायिकांच्या गटाचे 'लव्ह मशीन' सादर केले. 'खरे' रॉक आणि 'बनावट' पॉप असा जो भेद इंडी चाहते करीत आले होते, तो अशा आवृत्त्यांमुळे बराच सैल झाला.

सामाजिक कार्यासाठीच्या आवृत्त्या : बोस्नियातील युद्धग्रस्त मुलांच्या मदतीसाठी 'हेल्प' हा अल्बम ४ सप्टेंबर १९९५ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित करून त्याच आठवड्यात प्रकाशित करण्यात आला. त्यात स्वेडने 'शिपबिल्डिंग' हे गाणे गायले. फॉकलंड युद्धाच्या पार्श्वभूमीवरील हे गाणे रॉबर्ट वायट यांच्या आवाजात इ.स. १९८२ मध्ये रफ ट्रेडनेच प्रथम काढले होते.

कॉर्नरशॉप आणि भारतीय संदर्भ

इंग्लंडमधील लेस्टर येथे इ.स. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कॉर्नरशॉप या बँडचे प्रमुख तजिंदर सिंग हे पंजाबी वंशाचे आहेत. ब्रिटनमधील अनेक कोपऱ्यावरची दुकाने दक्षिण आशियाई कुटुंबे चालवीत, त्या सर्वपरिचित प्रतिमेवरून बँडने आपले नाव घेतले. पहिला अल्बम 'होल्ड ऑन इट हर्ट्स' इ.स. १९९४ मध्ये विजा या लेबलवर निघाला. गोंगाटी गिटार आणि वंशवादविरोधी आशय हे त्याचे विशेष होते. तिसऱ्या अल्बममधील (१९९७) 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे सांगली येथे जन्मलेल्या पार्श्वगायिका आशा भोसले यांना आणि हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायनाच्या परंपरेला केलेले अभिवादन आहे. लता मंगेशकर व मोहम्मद रफी यांचाही त्यात उल्लेख येतो. प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा हे गाणे ब्रिटिश क्रमवारीत ६० व्या स्थानापर्यंतच गेले. नॉर्मन कुक यांनी वेग वाढवून केलेले त्याचे रिमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रथम स्थानी पोहोचले.

याच अल्बममध्ये द बीटल्स यांच्या 'नॉर्वेजियन वुड' (१९६५) या गाण्याची पंजाबी भाषेतील आवृत्ती आहे. मूळ गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली होती आणि पाश्चात्त्य रॉकमध्ये सतारीचा प्रसार होण्यास त्यामुळे चालना मिळाली. भारतीय वाद्य उसने घेणारे ते गाणे भारतीय भाषेत परत आणल्याने त्या देवाणघेवाणीला एक वर्तुळाकार पूर्णत्व आले. कव्हर आवृत्ती सांस्कृतिक भाष्यही करू शकते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

स्वामित्वहक्क आणि उसनवारी

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात. एक शब्द व चाल यांचा, जो गीतकार-संगीतकारांचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा असतो. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा रेकॉर्ड कंपनीचा असतो. कव्हर आवृत्तीत ध्वनिमुद्रण नवे असल्याने त्याचा हक्क नव्या कलावंताकडे किंवा त्याच्या कंपनीकडे जातो. शब्द व चालीची रॉयल्टी मात्र मूळ रचनाकारालाच मिळते. सँपल वापरताना दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत इ.स. २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षे करण्यात आली.

उघड कव्हर आवृत्ती आणि न सांगता केलेली उसनवारी यांतील सीमारेषेवरून अनेक वाद झाले. इलॅस्टिका या बँडच्या पहिल्या अल्बममधील (१९९५) गाण्यांबाबत वायर व द स्ट्रँगलर्स या पंककालीन बँडच्या प्रकाशकांनी दावे केले आणि ते न्यायालयाबाहेर मिटवण्यात आले. ओएसिसच्या 'शेकरमेकर' या गाण्याबाबतही एका जुन्या गाण्याशी असलेल्या साम्यामुळे तडजोड करावी लागली.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण द व्हर्व्ह या विगनच्या बँडच्या 'बिटर स्वीट सिम्फनी' (१९९७) या गाण्याचे आहे. त्यातील वाद्यवृंदाचा तुकडा द रोलिंग स्टोन्स यांच्या 'द लास्ट टाइम' या गाण्याच्या एका वाद्यवृंदीय कव्हर आवृत्तीतून घेतला होता. म्हणजे हे एका कव्हर आवृत्तीचेच सँपल होते. वादानंतर रचनाकार म्हणून मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स यांची नावे लागली आणि रचनेच्या रॉयल्टीवरील हक्क रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या हातून गेला. शब्द अ‍ॅशक्रॉफ्ट यांचेच होते. सुमारे २२ वर्षांनी, इ.स. २०१९ मध्ये, जॅगर व रिचर्ड्स यांनी हे हक्क त्यांना सुपूर्द केले.

इंडी गाण्यांची इतरांनी केलेली रूपे

इंडी बँडची गाणीही इतरांनी गायली आहेत. जॉय डिव्हिजनचे 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' पॉल यंग यांनी 'नो पार्ले' (१९८३) या आपल्या अल्बममध्ये घेतले. तो ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेल्याने एका स्वतंत्र लेबलचे गाणे घरोघरी पोहोचले. ओएसिसच्या 'वंडरवॉल'चे माइक फ्लॉवर्स पॉप्स यांनी केलेले हलकेफुलके रूप आणि मूळ गाणे, दोन्ही इ.स. १९९५ मध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत गेली. लिव्हरपूलच्या द झुटॉन्स या बँडचे 'व्हॅलरी' हे गाणे इ.स. २००६ मध्ये नवव्या स्थानी होते. मार्क रॉन्सन यांच्यासाठी एमी वाइनहाउस यांनी गायलेले त्याचे रूप पुढील वर्षी दुसऱ्या स्थानी पोहोचले. आज अनेक श्रोते ते वाइनहाउस यांचेच गाणे समजतात. रचनेची रॉयल्टी मूळ रचनाकारांना मिळत राहिली, तरी गाण्याशी जोडले गेलेले नाव बदलले.

तुलनेची माध्यमे

बी.बी.सी. रेडिओ १ चे निवेदक जॉन पील यांनी इ.स. १९६७ पासून इ.स. २००४ मधील आपल्या निधनापर्यंत नवोदित बँडना सातत्याने संधी दिली. वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे रेडिओवर ध्वनिमुद्रिका वाजवण्याच्या वेळेवर मर्यादा होती. ती भरून काढण्यासाठी बँडना स्टुडिओत बोलावून गाणी खास ध्वनिमुद्रित केली जात. एकाच गाण्याची दोन रूपे ताडून पाहण्याची सवय श्रोत्यांना या 'पील सत्रां'मुळे लागली. त्यांच्या कार्यक्रमातील 'फेस्टिव्ह फिफ्टी' या श्रोत्यांच्या वार्षिक मतदानात इ.स. १९८३ मध्ये न्यू ऑर्डर यांचे 'ब्लू मंडे' आणि इ.स. १९८४ मध्ये द स्मिथ्सचे 'हाउ सून इज नाउ?' प्रथम आले.

साप्ताहिकांच्या याद्यांनीही तुलनेला खतपाणी घातले. इ.स. २००६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने सर्वश्रेष्ठ ब्रिटिश अल्बमच्या यादीत द स्टोन रोझेस यांच्या पदार्पणाला पहिले स्थान दिले. त्याच वर्षी याच साप्ताहिकाच्या सहभागाने झालेल्या वाचकांच्या एका मतदानात मात्र 'डेफिनेटली मेबी' प्रथम आला. इ.स. २०१३ मधील त्याच्या यादीत द स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' (१९८६) हा तिसरा अल्बम अग्रस्थानी होता. अशा याद्या संगीताइतक्याच त्या त्या वेळच्या मतदारांबद्दलही सांगतात.

टीका

पदार्पणाच्या अल्बमना अवास्तव महत्त्व दिल्याने बँडची नंतरची वाढ दुर्लक्षित राहते, असा आक्षेप घेतला जातो. श्रेष्ठ अल्बमच्या याद्यांत गोऱ्या पुरुषांच्या गिटारवादी बँडचे प्राबल्य असून द रेनकोट्स किंवा कॉर्नरशॉप यांच्यासारखे बँड उशिराच दखलपात्र ठरले, हीही टीका होते. आर्क्टिक मंकीजच्या यशानंतर एकसारख्या आवाजाच्या बँडची लाट आली. इ.स. २००८ च्या सुमारास तिला 'लँडफिल इंडी' म्हणजे कचरा डेपोत जाण्याच्या लायकीचे इंडी, असे उपरोधिक नाव मिळाले. काही समीक्षकांनी या संज्ञेत कामगारवर्गीय गावांतील बँडविषयीचा तुच्छभाव असल्याचे नमूद केले आहे.

सद्यःस्थिती

रफ ट्रेडची वितरणसंस्था इ.स. १९९१ मध्ये आणि फॅक्टरी रेकॉर्ड्स इ.स. १९९२ मध्ये बुडाली. फॅक्टरी विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीला असे आढळले की बँडशी झालेल्या अनौपचारिक व्यवस्थेनुसार न्यू ऑर्डरच्या संगीताची मालकी बँडकडेच होती. कंपनीला जे मारक ठरले तेच कलावंतांना तारक ठरले. रफ ट्रेड हे लेबल पुढे पुन्हा उभे राहिले आणि त्याने द लिबर्टीन्स यांचा 'अप द ब्रॅकेट' (२००२) हा पहिला अल्बम काढला.

इ.स. २०१५ पासून ब्रिटिश अल्बम क्रमवारीत स्ट्रीमिंगचाही हिशेब धरला जातो. सुटी गाणी ऐकण्याची सवय वाढल्याने अल्बम सलग ऐकणारे श्रोते कमी झाले. तरीही पहिला अल्बम हा नव्या बँडच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा राहिला आहे. आइल ऑफ वाइट या बेटावरील वेट लेग या बँडचा डोमिनोने काढलेला पहिला अल्बम एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश क्रमवारीत प्रथम आला आणि पुढील वर्षी त्याला सर्वोत्तम पर्यायी संगीताच्या अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.